‘तो कधी चाललाच नाही’ : मिरजेतल्या एका स्पेक्ट्रम प्लसची तपासणी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन जरा जास्त वाजतो. घरोघरी माळे उतरवले जातात, आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा याला विचारू, असं ओळखीपाळखीत कोणाला तरी सुचतं. बहुतेक वेळा पिवळा पडलेला पेंटियमचा डबा निघतो. मी सांगतो, हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्या. मागच्या वर्षी मिरजेहून आलेला फोन मात्र तसा नव्हता. शाळेत माझ्या पुढे असलेल्या एका मित्राचा होता. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. "अरे, बाबांनी इंग्लंडहून आणलेला तो काळा कीबोर्ड सापडलाय. कोपऱ्यात रंगीत पट्टे आहेत बघ. आई म्हणते, टाकून देऊ. तुला हवाय का?"

मी विचारलं, डाव्या कुशीला एक छोटं बटण लागतंय का हाताला? त्याने चाचपून सांगितलं, लागतंय. म्हणजे सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस. ते रिसेटचं बटण आहे. आधीच्या रबरी कळांच्या स्पेक्ट्रमला ते नव्हतं. "काही झालं तरी तो विजेला लावू नका," एवढं बजावलं आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

काकूंचं म्हणणं आणि दादाची आठवण

दादाचे वडील डॉक्टर. इंग्लंडमधलं दोन वर्षांचं प्रशिक्षण संपवून १९८५ साली परतताना त्यांनी तो मुलासाठी घेतला. खोका तिकडे उघडलासुद्धा नाही, फोडला तो थेट मिरजेत. काकू चहा ठेवता ठेवता सांगत होत्या, "तो कधी चाललाच नाही रे. ह्यांनी एवढ्या हौसेनं आणला, टीव्हीला जोडला, तर नुसत्या मुंग्या. चार दिवस खटपट केली, मग ठेवून दिला. बिघडलेला माल गळ्यात मारला म्हणायचे. शेवटपर्यंत तेच म्हणायचे."

दादाने त्यात भर घातली. "दिसायचं काहीच नाही, पण बटणं दाबली की आतून बारीक टिकटिक यायची. मी किती तरी वेळ ती ऐकत बसायचो."

माझ्या वहीत प्रत्येक यंत्राचं पहिलं पान मालकाच्या बोलण्याचं असतं. तो केव्हा शेवटचा चालला, काय झालं म्हणून बंद केला, मध्ये कोणी उघडला होता का. ही दोन्ही वाक्यं मी तशीच उतरवून घेतली. काकूंच्या वाक्यावर मी लगेच विश्वास ठेवला आणि दादाच्या वाक्यावर ठेवला नाही. बारा वर्षांच्या मुलाने ऐकलेला आवाज प्लॅस्टिकच्या कळांचाच असणार, असं धरून चाललो. हा निष्काळजीपणा होता, आणि या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते त्यानेच.

काकू म्हणत होत्या, घेऊनच जा. मी म्हटलं, तपासून आणतो, मग ठरवा. समोरच्याला वस्तूची किंमत माहीत नसताना ती फुकट उचलून आणणं मला पटत नाही. संग्रह करणाऱ्याने निदान तेवढं पाळायला हवं.

खोक्यात यंत्र होतं, तीन चौकोनी पिनांचा इंग्लिश अ‍ॅडॉप्टर, टीव्हीची आणि टेपरेकॉर्डरची वायर, कडा कसरीने खाल्लेलं पुस्तक आणि सोबत मिळणारी कॅसेट. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. अशी फीत कधीही रेकॉर्डरमध्ये घालू नये, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. ती तिथेच वेगळ्या पिशवीत बांधली. आणखी एक अ‍ॅडॉप्टर निघाला, आपल्याकडे मिळायचा तसला, सरकत्या बटणाने तीनपासून बारा व्होल्टपर्यंत करता येणारा. त्याची पिन स्पेक्ट्रमला चपखल बसते. पण तो बारावर होता आणि पिनेच्या आत धन, बाहेर ऋण. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं, आत ऋण आणि बाहेर धन. दादा म्हणाला तो ट्रान्झिस्टर रेडिओचा, कॉम्प्युटरला कधी लावला नव्हता. जिवावरचं दुखणं तेवढ्यावर टळलं होतं.

यंत्राबद्दल थोडं

पहिला स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आला. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चचा. हार्डवेअर रिचर्ड ऑल्टवॉसर यांचं, त्यातली बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिलेली, बाहेरचं रूप रिक डिकिन्सन यांचं. प्लस ऑक्टोबर १९८४ मध्ये आला, किंमत १७९ पौंड ९५ पेन्स. आतला बोर्ड तोच, ४८ के (किलोबाइट) मेमरीचा. बदलला तो कीबोर्ड. प्रोसेसर झेड-८०ए, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, १६ के रॉम, म्हणजे कायमची कोरलेली मेमरी.

आपल्याकडे याचं एक सख्खं भावंड आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. १९८६च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हाच स्पेक्ट्रम प्लस ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने काढला. त्या पिढीतल्या ज्यांनी शाळेत कॉम्प्युटर पाहिला, त्यांनी बहुधा सरकारच्या ‘क्लास’ या शालेय कॉम्प्युटर योजनेतला बीबीसी मायक्रो पाहिला. ज्यांच्या घरी आला, त्यांच्यातल्या अनेकांकडे डीबी होता. एखाद्या माळ्यावर तो अजून असेल तर कृपा करून किलोवर घालू नका.

वीज लावण्याआधी

चाळीस वर्षं निजलेल्या यंत्राला ‘लावून तर बघू’ म्हणणं हा सगळ्यांत मोठा धोका. पुण्याला आणल्यावर पहिले तीन दिवस मी त्याला वीज दाखवली नाही.

आधी अ‍ॅडॉप्टर. यावर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे भार बदलला की व्होल्टही बदलतात, त्यामुळे नुसता मोजला तर १३.६ व्होल्ट दाखवत होता. नवखा माणूस इथे घाबरतो आणि चांगला अ‍ॅडॉप्टर फेकून देतो. भार देऊन मोजायला हवा. तपकीर गल्लीत पांढऱ्या चिनी मातीचा १२ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर मिळतो, तो टोकांना लावला की पाऊण अ‍ॅम्पिअरच्या आसपास करंट वाहतो, साधारण स्पेक्ट्रम घेतो तेवढा. त्या भारावर १०.१ व्होल्ट. ठीक. पण मल्टिमीटर एसीवर टाकला तर त्यात जवळजवळ एक व्होल्टची लहर होती, म्हणजे आतला कपॅसिटर, ती लहर सपाट करणारा भाग, थकलेला. खोकं चिकटवून बंद केलेलं असतं, फोडल्याशिवाय उघडत नाही. मी फोडलं नाही. करंटवर मर्यादा घालता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय वापरायचं ठरवलं.

मग झाकण. स्पेक्ट्रम प्लस उघडताना सगळ्यांत जास्त नुकसान याच घडीला होतं. कीबोर्डाखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर चंदेरी शाईच्या रेषा, आणि त्याच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटांत खोचलेल्या, एक पाच रेषांची, एक आठ रेषांची. वयाने त्या पापडासारख्या झालेल्या असतात. झाकण झटक्यात उचललं की तुटल्याच. मी समोरची कड बोटभर उचलली, खाली फोनचा उजेड टाकला आणि पट्ट्या चिमट्याने सरळ वर ओढून काढल्या. त्या शाबूत निघाल्या असं मला तेव्हा वाटलं.

बोर्ड स्वच्छ होता. मिरजेचा कोरडा उन्हाळा कामी आला असावा. कोकणातून आलेली यंत्रं मी पाहिली आहेत, त्यांच्या सॉकेटांना हिरवी बुरशी असते. इथे झुरळांची थोडी घाण, बस्स. ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) काढली.

स्पेक्ट्रमची मेमरी दोन हिश्शांत आहे. खालच्या १६ केसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा, आणि वरच्या ३२ केसाठी वेगळ्या आठ. खालच्या आठांना एक नाही, तीन व्होल्टेजं लागतात : +५, +१२ आणि −५. +५ रेग्युलेटर देतो, बाकीची दोन बोर्डावरचा एक छोटा ट्रान्झिस्टर आणि कॉइल मिळून तयार करतात. यातलं −५ गेलं की बाकीची दोन त्या चिपांना जाळतात. म्हणून वीज देण्याआधी त्या चिपांच्या पायांवरच ओहम मोजायचे : पाय १ वर −५, पाय ८ वर +१२, पाय ९ वर +५, पाय १६ जमीन. कुठेही शॉर्ट नव्हता. मग ९ व्होल्ट, मर्यादा एक अ‍ॅम्पिअर, आणि स्विच. +५ ला ५.०३, +१२ ला ११.९, −५ ला −५.०. असे आकडे आले की माझा श्वास मोकळा होतो.

मुंग्यांमधून काय दिसलं

माझ्याकडे १४ इंची रंगीत काचेचा टीव्ही याच कामासाठी जपून ठेवलेला आहे. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफ या टीव्हीच्या वरच्या पट्ट्यातल्या ३६ नंबरच्या चॅनेलवर सोडतो, ५९० मेगाहर्ट्झच्या आसपास. हाताने हळूहळू शोधत गेलो. मुंग्या, मुंग्या, मग एक काळी सावली, मग चित्र स्थिर झालं.

आणि इथेच थांबून मी दादाला फोन केला. "घरच्या त्या जुन्या टीव्हीला चॅनेल बदलायला काय होतं?"

"लाकडी शटरचा होता तो. गोल चक्री होती. कटकट करत फिरायची. दोन ते बारा आकडे."

दोन ते बारा म्हणजे व्हीएचएफ, टीव्हीचा खालचा पट्टा. तेव्हाचं दूरदर्शन व्हीएचएफवरच दिसायचं, आणि तो पट्टा २३० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. ५९०वर बोलणाऱ्या यंत्राचं बोलणं त्या चक्रीला ऐकूच येणार नव्हतं. डॉक्टरकाकांनी चार दिवस काय, चार वर्षं चक्री फिरवली असती तरी मुंग्याच दिसल्या असत्या. इंग्लंडमध्ये तेव्हा सगळे टीव्ही यूएचएफवर चालत, त्यामुळे पुस्तकात याबद्दल इशारा असण्याचं कारणच नव्हतं.

म्हणजे त्यांचा निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावाच गळून पडला. पण म्हणून यंत्र तेव्हा चांगलं होतं असंही सिद्ध होत नाही. कारण माझ्या टेबलावर ते चालत नव्हतं.

स्पेक्ट्रम सुरू झाला की रॉममधला प्रोग्रॅम आधी सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतो, मग एकेका घरात जाऊन तो दोनदा एकाने कमी करतो आणि शून्य येतं का ते बघतो. पडदा म्हणजेही मेमरीच, त्यामुळे ही झडती डोळ्यांना दिसते. २ म्हणजे बिटांच्या, शून्य-एकच्या भाषेत ००००००१०. म्हणून निरोगी यंत्रात दीड-दोन सेकंद काळ्या पडद्यावर आठ-आठ ठिपक्यांच्या अंतराने एक-एक बारीक लाल उभी रेघ येते, मग पडदा पांढरा होतो आणि खाली १९८२ची सिंक्लेअरची ओळ उमटते.

माझ्यासमोर कडा पांढरी आणि स्थिर होती. म्हणजे चित्र बनवणारी मुख्य चिप, प्रोसेसर, रॉम, चित्र चॅनेलवर चढवणारा मॉड्युलेटर यांची पहिली हालचाल बरोबर झाली होती. मधला भाग काळा, लाल रेघा होत्या, पण तिथेच अडकून पडलेला. आणि सगळा पडदा लुकलुकत होता, लाल जागी काळं, काळ्या जागी लाल.

मी भिंग घेऊन काचेला नाक लावलं. आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात एक नाही, दोन रेघा होत्या. एक उजवीकडून दुसरी, ती असायलाच हवी. दुसरी अगदी डाव्या टोकाला. म्हणजे ००००००१० लिहिलं होतं आणि वाचताना येत होतं १०००००१०. रंगांच्या मेमरीत हाच सर्वांत डावा बिट लुकलुकण्याचा असतो, तो एक झाला की अक्षर लुकलुकतं. रेघ आणि लुकलुक दोन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत होत्या.

खालच्या मेमरीची रचना अशी की प्रत्येक बाइटचा, म्हणजे आठ बिटांच्या घराचा, एकेक बिट एकेका चिपेत. सर्वांत वरचा, म्हणजे डावीकडचा, बिट आयसी १३ नावाच्या चिपेत. मला ही रचना फार आवडते. एवढ्या साध्या यंत्रात पडदाच वैद्याला नाडी देतो.

तरीही सोल्डरिंग गनला लगेच हात लावला नाही. तसलंच चिन्ह दुसरीकडच्या बिघाडानेही येऊ शकतं. जुन्या बाजारात बुधवारी मिळालेला अ‍ॅपल टू धाटणीचा एक मोडका बोर्ड माझ्याकडे होता. त्यावर ४११६ चिपा सॉकेटात बसवलेल्या असतात, ओढल्या की निघतात. त्यातली एक घेतली, १५० नॅनोसेकंदांची. वीज बंद करून तिचे पाय किंचित आत वळवले आणि ती आयसी १३च्या पाठीवर घोड्यावर बसवावी तशी बसवली, दोघींच्या खाचा एकाच बाजूला, पायाला पाय टेकतील अशी. बोटाने दाबून धरली, दुसऱ्या हाताने स्विच. पडदा पांढरा, खाली ओळ : १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. बोट उचलून परत लावलं की परत लाल रेघा. तीनदा करून पाहिलं. आता खात्री.

जुनी चिप काढताना मी तिला वाचवायचा प्रयत्न करत नाही, बोर्डाला वाचवतो. बारीक कटरने सोळाही पाय अंगापासून कापले, अंग उचलून घेतलं, मग एकेक पाय चिमट्यात धरून तापवून बाहेर ओढला. सगळे पाय एकदम तापवायला गेलं की भोकांच्या आतलं तांबं उखडून येतं, आणि मग एका चिपेचं काम आठवडाभराचं होतं. तिथे सॉकेट लावलं, त्यात नवी चिप. कापलेली चिप पुडीत घालून तारीख लिहिली.

टिक

आता टाइप करून बघायचं. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये शब्द अक्षराअक्षराने लिहायचा नसतो, ‘पी’ दाबलं की अख्खा प्रिंट शब्द येतो. मी पी दाबलं. काही नाही. एंटर दाबलं. काही नाही. परत पहिल्या पायरीवर आलो असं क्षणभर वाटलं. सहज आर दाबलं. पडद्यावर रन उमटलं, आणि आतून बारीक आवाज आला : टिक.

मी हात आखडता घेतला. हा आवाज प्लॅस्टिकचा नाही. कळ स्वीकारली की रॉममधला प्रोग्रॅम आतल्या नाण्याएवढ्या स्पीकरला एक हलका धक्का देतो, त्याची ती टिक. ती येण्यासाठी प्रोसेसर चालू हवा, रॉम वाचली जायला हवी, मेमरीची झडती पार पडायला हवी आणि बेसिक कळेची वाट पाहत बसलेलं हवं. मेमरी खराब असताना, लाल रेघांवर अडकलेल्या यंत्रावर मी आधी किती तरी कळा दाबल्या होत्या. एकदाही टिक आली नव्हती.

दादाने १९८५ साली ती टिकटिक ऐकली होती. म्हणजे यंत्र त्या दिवशी चालत होतं. त्याच्या समोर ते दर वेळी ‘कळली कळ’ म्हणून सांगत होतं, फक्त दाखवू शकत नव्हतं. पुरावा पहिल्याच दिवशी माझ्या वहीत होता आणि मी तो लहान मुलाची आठवण म्हणून बाजूला ठेवला होता. त्यानंतर मी वहीतली सवय बदलली आहे. आता मालकाला मुद्दाम विचारतो, आवाज काय यायचा, वास कसला यायचा, हाताला गरम लागायचं का. ‘बिघडलाय’ हा निष्कर्ष आहे. ‘टिक यायची’ ही नोंद आहे. मला नोंदी हव्या असतात.

मुकी कुठली कळ आणि बोलकी कुठली, याची यादी केली. १, ०, क्यू, ए, पी, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस. बरोबर आठ. स्पेक्ट्रमच्या मूळ चाळीस कळा पाच रेषा आणि आठ रेषांच्या जाळ्यात विणलेल्या आहेत. पाचांच्या पट्टीतली एक रेघ तुटली की ओळींच्या टोकांवरच्या नेमक्या या आठ कळा जातात. आठांच्या पट्टीतली तुटली असती तर शेजारशेजारच्या पाच गेल्या असत्या. भिंगाखाली पाचांच्या पट्टीच्या अगदी टोकाला केसाएवढी चीर होती, सॉकेटात खोचल्याच्या ठिकाणी. चार मिलिमीटर कात्रीने कापून पट्टी परत खोचली. आठही कळा बोलू लागल्या, आणि दहा दिवसांनी परत मुक्या झाल्या. कीबोर्डाखालचा पडदाच संपलेला होता. इंग्लंडमध्ये असे पडदे आजही नवीन बनवतात, तिथून मागवला.

या दहा दिवसांतच बाकीच्या चाचण्या उरकल्या. पहिली, प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. झडतीत यंत्राला मेमरीचं शेवटचं घर कोणतं सापडलं ते हा आकडा सांगतो. ४८ के निरोगी असेल तर ६५५३५. वरची ३२ के मेली असेल तर ३२७६७, आणि वरवर पाहता यंत्र चांगलंच चालत असतं. विकणारा ‘चालू आहे’ म्हणून ४८ केच्या भावात १६ केचं यंत्र देऊन जातो, बहुधा त्यालाही माहीत नसतं. विकत घ्यायचं असेल तर ही एक ओळ पाठच करून ठेवावी. इथे ६५५३५ आलं.

पण ती झडती एकाच आकड्याने होते. म्हणून क्लिअर ३२७६७ या आज्ञेने वरची ३२ के मोकळी करून तिच्या प्रत्येक घरात आधी ८५ आणि मग १७० लिहून वाचणारा चार ओळींचा प्रोग्रॅम घातला. हे दोन आकडे बिटांत एकमेकांचे उलटे आहेत, एकाआड एक. बेसिकमध्ये हे काम संथ चालतं, चहा करून पिऊन होतो. एकही घर चुकलं नाही. बॉर्डरचे आठ रंग, बीपचा सूर, सगळं जागेवर.

स्पेक्ट्रम प्रोग्रॅम कॅसेटवर साठवतो. त्या टेपची चाचणी मी कधीच दुसऱ्याच्या कॅसेटवर करत नाही. स्वतःचा प्रोग्रॅम सेव्ह करायचा, फीत मागे घ्यायची, व्हेरिफाय द्यायचा. जाण्याची आणि येण्याची दोन्ही वाट त्यात तपासून होते. पहिल्यांदा टेप लोडिंग एरर आला, पण दोष रेकॉर्डरचा होता : हेड आयपीएने पुसलं, त्याच्या बाजूचा स्क्रू पाव फेरी फिरवून सूर उजळ ऐकू येईपर्यंत आणला. दुसऱ्यांदा निळ्या-पिवळ्या पट्ट्या शेवटपर्यंत धावल्या आणि ओके आलं.

पॉवरच्या भागातले तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोजमापात कमजोर निघाले, ते बदलले. बाकीचे ठेवले. यंत्र हातात आलं की पहिल्या दिवशीच सगळे कपॅसिटर उपटायचे, अशी एक पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय बिघडलं होतं ते कळतं. सगळं बदललं तर यंत्र चालू होतं आणि कारण कायमचं हरवतं. मॉड्युलेटरला हात लावून थेट व्हिडिओ काढण्याचा बदलही केला नाही. इतरांच्या यंत्रांत मी तो करतो, चित्र फार सुधारतं. या यंत्राची सगळी कहाणीच त्या ३६ नंबरच्या चॅनेलची होती.

शेवटी चार तास सलग चालू ठेवलं. रेग्युलेटरचा पत्रा बोट टेकवून दहा आकडे मोजवत नाही इतका तापतो. स्पेक्ट्रमचं ते नेहमीचंच आहे.

परत मिरजेला

जानेवारीत कीबोर्डाच्या नव्या पडद्यासकट यंत्र घेऊन गेलो. सोबत केंद्रात ऋण असलेला नवा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, जुन्यावर ‘लावू नये’ अशी चिठ्ठी, सिलिका जेलच्या पुड्या आणि कापलेली चिप. दिवाणखान्यातल्या एलईडी टीव्हीला अजून अ‍ॅनालॉग ट्यूनर आहे. आपोआप शोधात काही सापडलं नाही. हाताने शोध दिला तेव्हा पांढरा पडदा आला, थोडा हलता, पण ओळ स्वच्छ वाचता येत होती.

दादा समोर बसला. त्याने एक कळ दाबली, मग दुसरी. मान तिरकी करून कान यंत्राजवळ नेला. "हाच," म्हणाला. "हाच आवाज."

मी काकूंना चक्रीचं, चॅनेलचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे आपला टीव्ही बिघडलेला होता होय?"

"नाही काकू. टीव्हीही चांगलाच होता."

त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि दादाला म्हणाल्या, आता हा माळ्यावर नको ठेवूस, कपाटात जागा कर.